बुडत्या बँकेची देणी आणि द्वारकानाथ टागोर

रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर (१७९४-१८४६) विलासी ‘प्रिन्स’ म्हणून लोकांना ठाऊक आहेत. मला, सारी हयात सरकारी नोकरीत गेल्यामुळे असेल, ते आठवतात कंपनी सरकारच्या मीठ-अफू खात्याचे दिवाण आणि पुढे बँकांचे भागीदार म्हणून. १८३३ मध्ये मॅकिंटॉश कंपनीसोबत कलकत्त्याची कमर्शियल बँक बुडाली. भागीदारांत ऐपतदार उरले ते एकटे द्वारकानाथ; देणी त्यांनी भागवली. भागीदाराची जबाबदारी तेव्हा अमर्याद असे. (२०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी १.३५ लाख कोटींचे पुनर्भांडवली रोखे जाहीर झाले. त्यांचे व्याज करदाता भरतो.)

युनियन बँकेची कथा मात्र त्यांना तितकी शोभत नाही. तिचा पैसा निळीच्या धंद्यात रुतला, आणि कर्जदारांत कर्त्याधर्त्यांच्याच पेढ्या होत्या. १८४० मध्ये द्वारकानाथांनी काही जमीनदाऱ्या विश्वस्त निधीत घालून मुलांसाठी सुरक्षित केल्या. हा दूरदर्शीपणा मला खटकतो. ते लंडनमध्ये वारले आणि दोन वर्षांच्या आत युनियन बँक व त्यांची कार-टागोर कंपनी, दोन्ही कोसळल्या. विश्वस्त मालमत्तेला कायद्याने हात लावता येत नव्हता. थोरले पुत्र देवेंद्रनाथांनी तीही धनकोंपुढे ठेवली. कर्ज फिटायला पुढे कित्येक वर्षे लागली.