मायरन

मायरन (कार्यकाळ: इ.स.पू. सुमारे ४८०–४४०) हा प्राचीन ग्रीक शिल्पकार होता. खेळाडूंच्या गतिमान कांस्यमूर्तींसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याचे एकही मूळ शिल्प आज उपलब्ध नाही. रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती आणि प्राचीन लेखकांची वर्णने यांवरूनच त्याच्या कलेची ओळख होते.

जीवन

मायरनचा जन्म ॲटिका व बिओशिया यांच्या सीमेवरील एल्यूथेरी येथे झाला. त्याची कारकीर्द मुख्यतः अथेन्समध्ये घडली. रोमन लेखक प्लिनी याच्या मते तो आर्गॉस येथील शिल्पकार ॲजेलाडस याचा शिष्य होता. मायरनचा मुलगा लिसियस हाही शिल्पकार होता.

शिल्पे

ऑलिंपिक विजेत्यांचे पुतळे त्याने घडविले. धावपटू लाडस याचा त्याने केलेला पुतळा प्राचीन काळी विशेष गाजला होता. अथेन्समधील त्याच्या कांस्य गाईवर अनेक ग्रीक कवींनी रचना केल्या. अथेना व मार्सियस या शिल्पसमूहाच्या प्रतिकृतीही आढळल्या आहेत.

‘डिस्कोबोलस’ म्हणजेच थाळीफेकपटू (इ.स.पू. सुमारे ४५०) ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कलाकृती होय. थाळी मागे नेलेला हात आता पुढे झेपावणार, त्या आधीचा क्षण तिच्यात पकडला आहे. शरीर ताणलेले असले तरी चेहरा शांत आहे. मायरनने देहरचनेत प्रावीण्य मिळविले, परंतु मनातील भाव व्यक्त केले नाहीत, असा आक्षेप प्लिनीने घेतला होता.

संगमरवरी प्रतिकृती

पुढील काळात कांस्य वितळवून पुन्हा वापरले गेल्याने बहुसंख्य ग्रीक कांस्यमूर्ती नष्ट झाल्या. श्रीमंत रोमन लोकांनी आपल्या प्रासादांसाठी व उद्यानांसाठी करवून घेतलेल्या प्रतिकृती मात्र टिकल्या. कांस्याची पोकळ ओतीव मूर्ती स्वतःचा तोल सांभाळू शकते. जड व ठिसूळ संगमरवराला आधार लागतो. म्हणून प्रतिकृतींमध्ये पायाजवळ झाडाचा बुंधा कोरलेला दिसतो.

१७८१ मध्ये रोममधील एस्क्विलिन टेकडीवर डिस्कोबोलसची एक उत्तम प्रतिकृती सापडली. ग्रीक लेखक लूशियन याने केलेल्या वर्णनाशी ती जुळत असल्याने मूळ शिल्प मायरनचे असल्याचे ओळखता आले. लूशियनने लिहिल्याप्रमाणे तिचे मस्तक थाळीकडे वळलेले आहे. त्यानंतर टिव्होली येथील हेड्रियनच्या प्रासादात मिळालेली दुसरी प्रतिकृती इंग्रज संग्राहक चार्ल्स टाउनली याने विकत घेतली. तिला दुरुस्तीच्या वेळी वेगळे मस्तक चुकीच्या दिशेने जोडले गेले होते. १८०५ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

एस्क्विलिन येथील प्रतिकृती १९३८ मध्ये, इटलीत विरोध होत असतानाही, ॲडॉल्फ हिटलरसाठी विकत घेण्यात आली व म्यूनिक येथे प्रदर्शित झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ती इटलीला परत मिळाली. सध्या ती रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

वारसा

आधीच्या काळातील ताठ, समोर पाहणाऱ्या मूर्तींपासून ग्रीक शिल्पकलेला हालचालीकडे नेणाऱ्या कलावंतांत मायरनची गणना होते. डिस्कोबोलसची आकृती १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या भित्तिपत्रकावर झळकली. मात्र प्रत्येक प्रतिकृतीत कारागिरांनी केलेले बदल व नंतरच्या दुरुस्त्या मिसळल्या असल्याने, तिच्यात मायरनचे नेमके किती उरले आहे हे अनेक प्रतिकृतींची तुलना करूनच ठरवावे लागते.