रमाबाईंचा दुपारचा वर्ग

कर्जत स्टेशनवर पहाटेच्या लोकलला उभ्या असणाऱ्या बायका मी निवृत्तीनंतर पाहू लागलो. नोकरीत असताना मीही त्याच फलाटावर उभा असे, पण तेव्हा नजर इंडिकेटरवर आणि खिडकीच्या जागेवर. आता फिरायला म्हणून जातो, पुलावर थांबतो. खोपोलीहून, केळवलीहून, डोलवलीहून आलेल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि घडी केलेला गाऊन. कल्याण, डोंबिवली, ठाणे इथल्या घरांत आजारी माणसांजवळ बारा-बारा तास बसणाऱ्या या बायका. कुणी त्यांना आया म्हणतं, कुणी मावशी. नर्स कुणी म्हणत नाही, कारण कागद नाही. काम मात्र बरंचसं तेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून द्यायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, नळीतून भरवायचं, वेळेवर औषध द्यायचं. सगळं बघून बघून शिकलेलं.

त्यांना पाहिलं की मला हटकून रमाबाई रानडे आठवतात. आणि रमाबाई आठवल्या की माझ्या हातून गेलेली एक फाइल आठवते. तिचं पुढे सांगतो.

रमाबाईंची एक प्रतिमा आपल्या मनात पक्की आहे. २०१२ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने ती घराघरांत पोचवली: न्यायमूर्तींची लहानगी बायको, पाटीवर अक्षरं गिरवणारी. ती खरीच आहे. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना, जन्म १८६२ चा. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं ते एकतिशीतल्या, नुकतीच पहिली पत्नी गेलेल्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने विधवेशीच लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. टीका व्हायची ती झाली. पण त्यांनी एक केलं, या मुलीला लगेच शिकवायला बसवलं.

मला त्या कथेत नेहमी घड्याळ दिसतं. घरात सासूबाई, वन्स, आश्रित बायका, येणारेजाणारे. सगळ्यांच्या मते बाईने पुस्तक हातात धरणं म्हणजे घरातल्या मोठ्यांचा अपमान. म्हणजे अभ्यास व्हायचा तो सगळी कामं उरकल्यावर, किंवा रात्री, किंवा पहाटे. दिवसा टोमणे ऐकायचे, अबोला सोसायचा आणि तरी स्वयंपाकघरात कमी पडायचं नाही. पुढे मुलींच्या हायस्कुलाच्या प्रश्नावर त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचून दाखवलं. बाहेर कौतुक झालं आणि घरी आल्यावर बोलणी खावी लागली. हे हायस्कूल १८८४ साली निघालं, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो ते. शिकण्याच्या आड फक्त फी येत नाही, हे ही बाई पुस्तकात वाचून शिकली नव्हती. तिच्या घरात पैशाची काय ददात होती?

१६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. मुंबईचं बिऱ्हाड मोडून त्या पुण्याला आल्या आणि वर्षभर जवळजवळ कुणात मिसळल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडल्या त्या कुठे, तर येरवड्याच्या तुरुंगात, बायकांच्या विभागात. इस्पितळात जाऊन रुग्णांपाशी बसू लागल्या. सोवळ्या घरातल्या विधवेने अशा जागी जायचं, हे त्या काळच्या पुण्याला कसं दिसलं असेल याची कल्पना करावी. १९०४ साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं तेव्हा अध्यक्षपदासाठी त्यांना रमाबाईंकडेच यावं लागलं. राहायच्या पुण्यात, काम मुंबईत. तेव्हा आगगाडीला बोरघाटावाचून दुसरी वाट नव्हती, खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करून घाट उतरायचा आणि खाली कर्जत. आमच्या स्टेशनवरून त्यांची गाडी किती वेळा गेली असेल, असं मी त्या पुलावर उभा राहून उगाच मोजत असतो.

१९०९ साली पुण्याचं सेवासदन निघालं, रानडे वाड्यातच. जोडीला गोपाळ कृष्ण देवधर, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. माझ्या मते ही जोडी फार मोलाची होती. देवधर हिशेबाचे, संघटनेचे, देणगीदारांच्या मागे लागणारे. रमाबाईंकडे नाव होतं, आणि घराच्या आतल्या अडचणींचं ज्ञान होतं. वर्ग दुपारी भरत. ज्याने कधी एकत्र कुटुंबातली सून पाहिली आहे त्याला यातली अक्कल लगेच कळेल. सकाळचा स्वयंपाक, जेवणं, उष्टीखरकटी आवरली की संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढाच त्या बाईचा. पुरुषमंडळी कचेरीत, सासू वामकुक्षीला. शाळेने बाईच्या वेळेला यायचं, बाईने शाळेच्या वेळेला नव्हे. लिहिणं-वाचणं, शिवण, प्रथमोपचार, मग शिक्षिका होण्याचं शिक्षण. आणि त्याच्याच जोडीने परिचारिकेचं.

हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. शिक्षिका होणं एक वेळ चालून जाई. परिचारिका म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, जातीपातीचा विचार न करता त्याचं मलमूत्र काढणं, रात्रपाळी. हे काम ख्रिस्ती झालेल्या बायकांचं, अशी समजूत. इंग्रजी अमदानीतल्या इस्पितळांत देशी बायकांचं शिक्षण सुरू झालं होतं. मुंबईला कामा इस्पितळ १८८६ चं, आणि १८९१ मध्ये काशीबाई गणपत यांनी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला सुरुवात केल्याची नोंद आपल्याकडे पहिली म्हणून सांगतात. पण ब्राह्मण घरातली विधवा वॉर्डात उभी राहणं हा वेगळाच प्रकार. बारा वर्षांपूर्वीच, १८९७ च्या प्लेगात, याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या होत्या. शुश्रूषेला पुण्य म्हणणाऱ्या समाजाला तिचा पगार मात्र खपत नव्हता.

रमाबाईंनी पगारावरच जोर दिला. बाईला आश्रय देऊन भागत नाही, तिच्या हाताला चार पैसे मिळवून देणारं कौशल्य हवं. सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून इस्पितळात शिकायला जाऊ लागल्या. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने केली. आणि राहण्याची सोय म्हणजे नुसतं छप्पर नव्हे, ते रानड्यांच्या घरचं छप्पर. मुलगी कुठे राहते, कुणाच्या नजरेखाली आहे, रात्रपाळीहून परतताना कोण आहे, या भावा-दिरांच्या प्रश्नांना ते एक नाव उत्तर म्हणून पुरत असे. आम्ही बँकवाले याला जामीन म्हणतो. इथे जामीन राहिली होती एक विधवा, आणि तारण तिची प्रतिष्ठा.

ती प्रतिष्ठा त्यांना मधूनमधून खर्चही करावी लागे. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातली हकीकत सांगतात. केस गेलेली, लाल अलवणातली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढली आणि गॅलरीत बसलेल्या कॉलेजातल्या मुलांनी हुर्यो केली. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या. एरवी मवाळ बोलणाऱ्या या बाईंनी त्या मुलांना असं सुनावलं की सभागृह गप्प झालं. तुमच्या घरात अशी बहीण नाही का, चुलतबहीण नाही का, कदाचित आईच नाही का, असा त्या बोलण्याचा आशय. मला वाटतं, त्या संध्याकाळी त्या बाईला बक्षिसापेक्षा हे जास्त मिळालं असेल.

आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या परिचारिका आणि स्वयंसेविका जाऊ लागल्या, स्वतः रमाबाई बरोबर असत. इस्पितळाच्या आत चालणारं काम असं चारचौघांत, वारकऱ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. यात्रेतल्या गर्दीत ओकाऱ्या होणाऱ्या म्हातारीला सांभाळणारी बाई कोणत्या घरची, हे कुणी विचारत बसत नाही.

बाकीचं पुष्कळ आहे. १९१० साली त्यांनी पतीच्या आठवणी लिहिल्या. मराठीतलं ते फार निर्मळ पुस्तक आहे. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणताना मुलींना वगळू नये म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी खटपट केली. १९२४ साली गेल्या. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तरी आयांच्या अडचणी त्यांना जितक्या कळल्या तितक्या लेकुरवाळ्या पुढाऱ्यांनाही कळल्या नाहीत, हे मला अनेकदा नवलाचं वाटलं आहे.

आता ती फाइल. १९८७ च्या सुमाराची गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. एकोणतीस-तीस वर्षांची एक बाई आली. नवऱ्याचं कारखान्यातलं काम सुटलेलं, दोन मुलं, शाळा दहावीपर्यंत झालेली. परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं होतं. फी, गणवेश, पुस्तकं आणि तेवढ्या महिन्यांचं घरभाडं, असा काही हजारांचा हिशेब तिने वहीच्या पानावर लिहून आणला होता. हिशेब चोख होता, मी तपासला. तिला शेळ्यांसाठी कर्ज मागायचं असतं तर मी पंधरा दिवसांत दिलं असतं, शिवणयंत्रासाठीही. शिक्षणासाठी म्हटल्यावर मी परतफेडीची क्षमता संशयास्पद, असा शेरा लिहिला. साहेबांनी सही केली. ती काही बोलली नाही, वहीचं पान परत मागून घेतलं.

चार टक्के व्याजाची डीआरआय योजना तेव्हा होती, १९७२ पासून होती. गरजू विद्यार्थी त्यात बसत. परिपत्रक माझ्याच कपाटात होतं. पण विद्यार्थी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अठरा वर्षांचा मुलगा येई, दोन मुलांची आई येत नसे. कर्जतला रेल्वेवाल्यांच्या भाषेत बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटा देणारं इंजिन. त्या अर्थाने मी त्या दिवशी बँकर नव्हतो.

आज परिस्थिती तशीच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. २०१५ साली कौशल्य शिक्षणासाठी निराळी कर्जयोजना आली, सुरुवातीला पाच हजार ते दीड लाख, २०२४ मध्ये मर्यादा साडेसात लाख झाली. काही महिन्यांचे रुग्णसहायकाचे वर्गही निघाले आहेत. खरं नर्सिंग करायचं तर एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन. बारावी हवी, वयाची अट आहे, आणि हजेरी पूर्ण वेळ. कर्ज फीला मिळतं. त्या दोन वर्षांत चूल कशी पेटायची आणि मुलाला शाळेतून कोण आणायचं, हे अर्जात लिहायला जागा नाही. सेवासदनाच्या वाड्यात नेमकी तिथूनच सुरुवात झाली होती.

गेल्या पावसाळ्यात पुलावर एका मावशींशी बोलणं निघालं. डोंबिवलीला एका आजोबांजवळ रात्रपाळी करून त्या परतत होत्या, ब्यूरोवाला पगारातून आपला वाटा कापून घेतो म्हणून सांगत होत्या. मी उत्साहाने रुग्णसहायकाच्या वर्गाचं सांगितलं, कर्जाचं सांगितलं, कागद कोणते लागतील ते सांगितलं, फीचा आकडा आणि हप्ताही तोंडी काढून दाखवला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. खोपोलीची गाडी लागली होती, त्या जिन्याकडे वळल्या, आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळून त्यांनी विचारलं, तो वर्ग असतो किती वाजता.