कराची ते जुहू : सात तासांची वाट

लंडनचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. पुढे मुंबई-मद्रासची पत्रे आगगाडीने जात. हा वेळ वाचवायचे मनावर घेतले जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी. १९०४ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या, फ्रेंच आईच्या या मुलाला विमानाचे वेड बालपणापासूनचे. १९२९ साली भारतातला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला तो त्यांनाच.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहानंतर एक इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. चालवायला स्वतः जेआरडी. सोबतीला रेडिओसुद्धा नाही. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घ्यायचे होते. ते आले चक्क बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. सरळ अंतर सुमारे नऊशे किलोमीटर, वेळ सात तासांहून थोडा अधिक.

या रोपट्याचीच पुढे एअर इंडिया झाली. १९५३ साली सरकारने ती ताब्यात घेतली. जेआरडी अध्यक्षपदी राहिले. १९७८ साली त्यांना पदावरून दूर केले गेले. घाव खोल होता, पण आकाशाशी त्यांनी अबोला धरला नाही. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची-मुंबईची तीच वाट त्यांनी छोट्या विमानातून एकट्याने पुन्हा पार केली. १९९३ साली जिनिव्हात ते निवर्तले.

जेट विमानाला हे अंतर दीड-दोन तासांचे. पण आज या दोन शहरांत थेट विमानच नाही. जेआरडींनी जवळ आणलेली गावे माणसांनीच पुन्हा दूर नेली.