आचार्य धर्मानंद कोसंबी : शीलातून समाधीकडे

पाली वाङ्मय मराठी माणसाच्या दारी आणणाऱ्या विद्वानांत आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे स्थान अग्रभागी आहे. गोव्यातील साखवाळ या गावी 9 ऑक्टोबर 1876 रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. परंतु ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि बुद्धधम्माच्या शोधात त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ अशी पायपीट करीत 1902 मध्ये ते श्रीलंकेस पोहोचले. तेथे श्रामणेर होऊन कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांनी पालीचे अध्ययन केले, तर ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास केला. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले आणि 1912 ते 1918 या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. परळच्या श्रमिक वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. जून 1947 मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती. त्यातील ध्यानपद्धती मराठी वाचकाला कळावी म्हणून 1925 मध्ये त्यांनी ‘समाधिमार्ग’ लिहिला. आज ध्यानाविषयी समाजात दोन टोकांची मते आहेत. काहींना ध्यान म्हणजे पूजापाठाचाच एक प्रकार वाटतो. काहींना ते केवळ ताण घालविण्याचे वा परीक्षेत गुण वाढविण्याचे साधन वाटते. कोसंबींनी जो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचविला, तो या दोन्ही मतांना उत्तर देतो.

‘विसुद्धिमग्गा’त ध्यानाचे 40 विषय आहेत. त्यांतील 10 अनुस्मृतींत बुद्ध, धम्म, संघ आणि देवता यांचे स्मरण आहे, तसेच आनापानसतीही आहे. देवतास्मरणाला श्रद्धा लागते. आत येणारा व बाहेर जाणारा श्वास पाहण्यासाठी कोणतीही देवता मानावी लागत नाही. म्हणून ध्यानाला कर्मकांड म्हणणे चूक आहे. परंतु या ग्रंथाचा क्रम शील, समाधी, प्रज्ञा असा आहे. श्वासाच्या आधी आचरण येते. शील वगळून उरते ती केवळ एकाग्रता, आणि एकाग्रता तर शिकाऱ्याजवळही असते.

कोसंबींची श्रद्धा डोळस होती. 1940 च्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाची चार दृश्यांची कथा बाजूस सारून शाक्य-कोलियांच्या संघर्षाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच आहे. कोसंबींची राजकीय वाट गांधीजींची होती. आम्हां आंबेडकरी अनुयायांची ती नव्हे. तरीही त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे ऋण मान्य करणे हीच बुद्धिनिष्ठा होय.

बाबासाहेबांनी 1956 मध्ये दिलेल्या 22 प्रतिज्ञांत चोरी, असत्य व मद्य यांचा त्याग आहे. ज्या घरी या प्रतिज्ञा पाळल्या जातात, तेथे ध्यानाचा पाया आधीच घातलेला असतो. हिवरा आश्रम परिसरातील पालकांनी व आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मुलांना डोळे मिटून बसावयास अवश्य शिकवावे; मात्र डोळे उघडल्यावर ते मूल खरे बोलते काय, दुर्बलाच्या बाजूने उभे राहते काय, हेही पाहावे. ध्यानाची खरी परीक्षा तेथेच होते.

आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!