निजिन्स्की : तिशीआधी थांबलेला नाच

स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात १९ जानेवारी १९१९ रोजी निमंत्रितांसाठी नृत्याचा कार्यक्रम होता. नर्तक होता वास्लाव निजिन्स्की. त्याची झेप पाहायला पॅरिस-लंडनचे प्रेक्षक गर्दी करत. त्या दिवशी मात्र तो खुर्चीवर बसून बराच वेळ प्रेक्षकांकडे नुसता बघत राहिला. मग त्याने युद्धाचा नाच केला. हा त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम. तेव्हा त्याला तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

पुढचे सहा आठवडे तो वह्या भरत होता. देव आपल्याला आज्ञा देतो, आपणच देव आहोत, असे तो लिही. बर्फावर त्याला रक्ताच्या खुणा दिसल्या आणि इथे खून झाला, असे वाटले. नसलेले ऐकू येणे वा दिसणे म्हणजे भास. पुराव्यानेही न हलणारी चुकीची समजूत म्हणजे संभ्रम. वास्तवाशी नाते सुटण्याच्या या अवस्थेला सायकोसिस म्हणतात.

मार्चमध्ये पत्नी रोमोलाने त्याला झुरिचला डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांच्याकडे नेले. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ मध्ये त्यांनीच रूढ केला होता. एका माणसात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि वागणे यांचा मेळ विस्कटतो, असे ब्लॉयलर यांना सुचवायचे होते.

आजही रक्ताच्या तपासणीत वा स्कॅनमध्ये हा आजार दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलतात, लक्षणे किती दिवस टिकली ते पाहतात. नशा, थायरॉइड, मेंदूचे विकार, तीव्र नैराश्य यांमुळेही सायकोसिस होऊ शकतो. म्हणून त्या शक्यता आधी तपासतात. बोलणे आटणे, आंघोळीची टाळाटाळ, कशातच रस नसणे हीही लक्षणेच असतात. घरचे मात्र त्याला आळस समजतात.

निजिन्स्कीची पुढची तीस वर्षे रुग्णालये, इन्सुलिनचे कठोर उपचार आणि बरीचशी अबोल्यात गेली. ८ एप्रिल १९५० रोजी लंडनमध्ये तो वारला. सायकोसिसवरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमॅझिन, १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांसाठी वापरात आले. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले, तिथेच ते आले, पण दोन वर्षे उशिरा. आज औषधे आहेत. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी रुग्ण सावरण्याची शक्यता वाढते.