मादाम क्यूरी यांची विद्यार्थिदशा

रेडियमच्या शोधामुळें मादाम क्यूरी ह्यांचें नांव आपल्या शाळेंतील बहुतेक मुलांच्या कानांवरून गेलेलें आहे. त्यांना दोन वेळां नोबेल पारितोषिक मिळालें, हेंहि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु ह्याच बाई एके काळीं विद्यापीठाच्या पहिल्या वर्षीं पदार्थविज्ञानाच्या वर्गांत बसून, प्राध्यापकांचीं भरभर बोललेलीं वाक्यें हातीं लागत नाहींत म्हणून कासावीस होत असत, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. शाळा सोडून कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या कित्येक मुलामुलींना पहिल्या सहामाहींत हाच अनुभव येतो. म्हणून त्यांच्या कीर्तीची नव्हे, तर विद्यार्थिदशेची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

त्यांचें माहेरचें नांव मारिया स्क्लोडोव्हस्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजीं पोलंडांतील वॉर्सा शहरीं झाला. त्या वेळीं तो मुलूख रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. वडील गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांचे शिक्षक होते. मारिया दहा वर्षांची असतांना आई क्षयानें वारली. वडिलांची मिळकत तुटपुंजी, आणि शिकावयाचीं भावंडें चार. १८८३ सालीं मारिया सुवर्णपदक मिळवून शाळेंतून बाहेर पडली. परंतु वॉर्साच्या विद्यापीठाचीं दारें स्त्रियांना बंद होतीं, आणि पॅरिसला जावें तर जवळ पैसा नव्हता.

थोरली बहीण ब्रोन्या हिलाहि वैद्यक शिकावयाचें होतें. तेव्हां दोघींनीं आपसांत एक करार केला. आधीं ब्रोन्यानें पॅरिसला जावें, मारियानें नोकरी करून तिला पैसे पाठवावे. आणि ब्रोन्याचा जम बसला म्हणजे तिनें धाकटीला बोलवून घ्यावें. त्याप्रमाणें १८८६ च्या आरंभीं मारिया दूरच्या एका खेड्यांत एका श्रीमंत कुटुंबांतील मुलांना शिकविण्यासाठीं जाऊन राहिली. तेथें साडेतीन वर्षें गेलीं. दिवसा मुलांना शिकवावें व रात्रीं स्वतः शिकावें, असा तिचा क्रम होता. गणितांत अडलें तर विचारावयास तेथें कोणी नव्हतें. तेव्हां वडील तिला पत्रानें गणित शिकवीत. पुढें वॉर्सास परतल्यावर नात्यांतील एका भावाच्या देखरेखीखालील लहानशा प्रयोगशाळेंत, संध्याकाळीं व रविवारीं, प्रयोग करून पाहण्याची संधि तिला मिळाली. विद्यापीठाची पायरी चढण्यापूर्वीं तिच्या पाठीशीं एवढीं माणसें उभीं होतीं.

१८९१ च्या नोव्हेंबरांत ती पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठांत दाखल झाली, त्याच सुमारास तिला चोविसावें वर्ष पुरें झालें. तेथें बसल्यावर दोन गोष्टी तिच्या ध्यानीं आल्या. आपल्याला फ्रेंच येतें असें तिला वाटत होतें, तें पुरेसें नव्हतें. आणि एकटीनें केलेल्या अभ्यासांत ठिकठिकाणीं खिंडारें राहून गेलीं होतीं. फ्रान्समधील मुलें जें शाळेंतच पक्कें करून आलीं होतीं, तें तिला मागें जाऊन मुळापासून करावें लागलें. ह्याची तिनें लाज धरिली नाहीं. लिपमान, आपेल अशा नामांकित गुरूंचीं व्याख्यानें ऐकावीं, प्रयोगशाळेंत काम करावें, रात्रीं दहा वाजेपर्यंत वाचनालयाच्या ऊबेंत व उजेडांत बसावें, आणि नंतर खोलीवर येऊन पुन्हां दिवा लावावा, अशा रीतीनें तीं खिंडारें तिनें एकेक करून बुजविलीं.

पहिल्यानें ती ब्रोन्या व तिचे डॉक्टर यजमान ह्यांच्याकडे राहिली. घर प्रेमळ, परंतु माणसांनीं गजबजलेलें. शिवाय विद्यापीठाला जावयास घोड्यांच्या गाडीनें तासभर लागे. म्हणून तिनें विद्यापीठाजवळ माळ्यावरची एक खोली घेतली. सहा जिने चढून कोळसा स्वतः वर न्यावा लागे, आणि कडक थंडींत भांड्यांतील पाणी गोठून जाई. पैसा व वेळ वांचविण्यासाठीं ती जेवणाकडे दुर्लक्ष करूं लागली. शेवटीं एके दिवशीं ती मूर्च्छित पडली. मैत्रिणीनें कळवितांच ब्रोन्याचे यजमान धांवत आले. त्यांनीं खोदखोदून विचारलें, तेव्हां आदल्या संध्याकाळपासून कांहीं मुळे व थोड्या चेरी ह्यांवरच तिनें दिवस काढल्याचें उघड झालें. त्यांनीं तिला घरीं नेलें, पोटभर जेवूं घातलें व झोंपविलें.

तिच्या चरित्रांत हा प्रसंग मोठ्या कौतुकानें सांगितला जातो. आम्हांस मात्र येथें तिची चूक दिसते. तिची काटकसर वाखाणण्याजोगी होती; परंतु हांकेच्या अंतरावर बहीण असतां उपास लपवून ठेवणें हें काटकसरीचें लक्षण नव्हे. मैत्रिणीनें वेळीं कळविलें नसतें, तर काय झालें असतें हें सांगवत नाहीं.

१८९३ च्या जुलैमध्यें पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेंत ती पहिली आली. परंतु गांठचा पैसा संपला होता, आणि पुढें गणिताची पदवी घ्यावयाची होती. तेव्हां एका मैत्रिणीच्या खटपटीनें तिला परदेशीं शिकणाऱ्या हुषार पोलिश विद्यार्थ्यांसाठीं असलेली ६०० रूबलांची शिष्यवृत्ति मिळाली. १८९४ सालीं गणितांत ती दुसरी आली. पुढें पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांच्या संशोधनाबद्दल तिला मोबदला मिळूं लागतांच तिनें काय केलें? ते ६०० रूबल साठवून परत पाठविले! शिष्यवृत्ति कोणी फेडीत नाहीं. तिची फेड कोणी मागितलीहि नव्हती. पण आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याचे पैसे आपण अडवून ठेविले आहेत, असें तिला वाटे.

ह्याच पोलादाच्या कामासाठीं जागा शोधतांना तिची पिएर क्यूरी ह्यांच्याशीं ओळख झाली. १८९५ त त्यांचा विवाह झाला. १८९८ त दोघांनीं पोलोनियम व रेडियम हीं मूलद्रव्यें शोधून काढलीं. १९०३ व १९११ सालचीं पारितोषिकें, १९०६ त पतीचा अपघाती मृत्यु, त्यांच्या जागीं सॉर्बोनमध्यें अध्यापन करणारी पहिली स्त्री होण्याचा मान, आणि ४ जुलै १९३४ रोजीं झालेला अंत, हा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे.

आईच्या मृत्यूनंतर त्यांची धर्मश्रद्धा हळूहळू मावळली, ह्याचें आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस वाईट वाटतें. तथापि मिळालेलें धन जमिनींत न पुरतां कामीं लावावें, हा प्रभूच्या दाखल्यांतील धडा त्यांनीं आचरणांत आणिला, हें कबूल केलेंच पाहिजे.

मुलांनो, कॉलेजांतील पहिल्या वर्षीं व्याख्यान समजलें नाहीं, तर तुम्ही मंद आहां असें मानूं नका. कोणता मागचा धडा कच्चा राहिला तें शोधा, आणि प्राध्यापकांना, वरच्या वर्गांतील मुलांना किंवा आम्हांला येऊन विचारा. शाळेचें दार तुम्हांला बंद झालेलें नाहीं. आणि आईबापांना एवढीच विनंति कीं, मुलाला गुण किती पडले हें विचारण्याआधीं तो जेवला कीं नाहीं तें विचारीत जा.