मणिभाईंची कालवड

कोल्हापुरात ज्या घरात कधीच खरवस शिजला नाही, असं घर शोधून सापडायचं नाही. शेजारची म्हैस किंवा गाय व्याली की तांब्याभर चीक दारात येतो, त्यात गूळ आणि वेलदोडा पडतो. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस करायला कुणाचीच हरकत नाही. पण पुष्कळदा वाटणी उलटी होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आधी, वासराचं नंतर. आणि त्या वाटणीवर दोन वर्षांनंतरचं दूध अवलंबून असतं.

ही गोष्ट गोठ्यागोठ्यात सांगत फिरणारी एक मोठी फळी महाराष्ट्रात ज्यांनी उभी केली, ते मणिभाई देसाई पशुवैद्य नव्हते. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी 27 एप्रिल 1920 रोजी एका शेतकरी कुटुंबात ते जन्मले. विज्ञान शाखेचे पदवीधर. अशा तरुणाला नोकरी सहज मिळाली असती. ते 1942च्या लढ्यात उतरले, तुरुंगात गेले आणि सुटल्यावर गांधीजींकडे आले.

मार्च 1946 मध्ये गांधीजी पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या उरुळीकांचनला आठवडाभर राहिले. गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र खेड्यातच हवं, असं त्यांच्या मनात होतं. गांधीजी पुढच्या प्रवासाला निघून गेले आणि मागे राहिलेल्यांत पंचवीस वर्षांचे मणिभाई होते. याच गावात हाडं ठेवीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. दोन वर्षांत गांधीजी गेले. शब्द मात्र राहिला. मणिभाईंनी लग्न केलं नाही आणि उरुळी सोडली नाही.

आश्रमात रुग्णांना दूध लागे, म्हणून गोशाळा आली. गुजरातच्या माणसाने गीर गायी निवडल्या, यात नवल नाही. नवल पुढचं आहे. मणिभाईंनी गोशाळा भक्तीने चालवली नाही, वहीने चालवली. कोणत्या गाईने किती दूध दिलं, कोणती कधी माजावर आली, कोणाच्या पोटची कालवड कशी निघाली, याची नोंद ठेवून निवड केली, की देशी गायही चांगलं दूध देते, हे त्यांना आपल्याच गोठ्यात दिसलं. त्याच गोठ्यात दुसरंही दिसलं. आसपासच्या शेतकऱ्याकडे गीर नव्हती. त्याच्या दावणीला होती ती कोणत्याच जातीत न बसणारी गावठी गाय. दिवसाला लिटर-दोन लिटर दूध, पहिलं वेत चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि दोन वेतांमध्ये लांबलचक भाकड काळ. निवडीने तिची पैदास सुधारायची तर कित्येक पिढ्या लागणार. शेतकऱ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

म्हणून मणिभाईंनी गावठी गाईला होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी वळूंचं रेतन करायचं ठरवलं. गांधीजींच्या माणसाने विदेशी रक्त गोठ्यात आणावं, हे गोसेवेतल्या अनेकांना रुचणारं नव्हतं. मणिभाईंचा हिशेब सरळ होता: दूध न देणारी गाय शेतकरी फार काळ पोसू शकत नाही. 1967 मध्ये त्यांनी उरुळीतच भारतीय कृषी-उद्योग प्रतिष्ठान स्थापन केलं. ते गावोगाव ‘बायफ’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

कृत्रिम रेतन भारताला नवं नव्हतं. म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत ते 1939 मध्येच झालं होतं. अडचण होती ती माजावर आलेली गाय चालवत केंद्रापर्यंत नेण्याची. माज जेमतेम दिवसभर टिकतो आणि वाटेत निम्मा सरतो. बायफने गाईला चालवायचं थांबवलं. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या कांड्या घेऊन कार्यकर्ताच दारात जाऊ लागला. सुरुवातीची बरीच केंद्रं पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या मदतीने उभी राहिली. तो कार्यकर्ता गाय भरवून परत येत नसे. गाभण आहे का ते तपासायला पुन्हा जाई, व्याली की वासरू बघायला जाई, कालवड वाढत असताना तिच्या खाण्याची चौकशी करी. माझ्या मते मणिभाईंचं खरं काम कांडीत नाही, या फेऱ्यांमध्ये आहे.

रक्त आणि खाणंपिणं यांचं नातं काय, याचा एक सुंदर प्रयोग मणिभाई शाळकरी वयाचे असताना केंब्रिजमध्ये झाला होता. वॉल्टन आणि जॉन हॅमंड या दोघांनी प्रचंड आकाराची शायर घोडी आणि बुटकं शेटलंड तट्टू यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्हीकडच्या शिंगरांत निम्मं रक्त शायरचं आणि निम्मं शेटलंडचं. तरी शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मतःच दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट भरलं, आणि मोठेपणीही तो फरक पुरता मिटला नाही. 1938 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून दिसलं ते असं, की वाढीची मर्यादा वंश ठरवतो, पण त्या मर्यादेपर्यंत पोचायचं की नाही हे बरंचसं गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ठरतं.

आपल्या गोठ्यात हे असं उतरतं. गाईचा गर्भ सुमारे 280 दिवसांचा आणि त्याच्या वजनाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांतली. नेमकी याच वेळी गाय आटवलेली असते, आणि दूध नाही म्हणून तिची पेंडही बंद होते. मग वासरू अशक्त जन्मतं. माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भातच मिळतात, वासराला ती मिळत नाहीत; त्याला ती चिकातूनच घ्यावी लागतात. वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद तासातासाने घटते आणि साधारण चोवीस तासांत संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत चीक आणि दिवसभरात मिळून वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, संरक्षण फारसं देत नाही.

पुढचा हिशेब पाटीवर मांडण्याजोगा आहे. संकरित कालवड भरवायची ती सुमारे 250 किलोची झाल्यावर. जन्माचे 25 वजा केले तर तिला 225 किलो कमवायचे आहेत. रोज 500 ग्रॅम वाढली तर 450 दिवस, म्हणजे पंधरा महिने. वर गाभणपणाचे नऊ धरले की दोन वर्षांत दूध. रोज 250 ग्रॅमच वाढली तर भरवायलाच तीस महिने आणि दूध सव्वातीन वर्षांनी. रक्त तेच, कांडी तीच. मधली सव्वा वर्षं ती फुकट खाते आणि संकरित गाय परवडत नाही म्हणून बोल मात्र तिला लागतो.

संकराचीही मर्यादा असते. पहिल्या पिढीत दोन वंशांच्या मिश्रणाचा जो जोम दिसतो, तो पुढे संकरितालाच संकरित लावत गेलं की ओसरतो. विदेशी रक्त तीन चतुर्थांशांवर गेलं तर दूध कदाचित वाढेल, पण उन्हाळा सोसवत नाही आणि गोचीडतापासारखे आजार बळावतात. त्यासाठी कोणत्या गाईला कोणत्या वळूची कांडी दिली, ही वही लागते. उरुळीच्या गोशाळेतली ती सवय इथे कामी येते, आणि आपल्याकडे अनेक गोठ्यांत अजून नेमकी तीच नाही.

मणिभाईंच्या कामावरचा सर्वांत रास्त आक्षेप खोंडाचा आहे. खिल्लार खोंडावर जीव टाकणाऱ्या आपल्या भागात, वशिंड नसलेल्या आणि दुपारच्या उन्हात धापा टाकणाऱ्या संकरित बैलाला कोण विचारणार? ट्रॅक्टर आला आणि तो प्रश्न आणखी वाढला. राज्यात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. तेव्हा संकरित खोंडाला ना औत आहे, ना बाजार. चिकाच्या वाटणीत त्याचा नंबर शेवटचा लागतो. म्हशीच्या रेडकाचीही तीच गत. कोवळ्या वयात उपाशी ठेवलेलं जनावर पुढे कितीही चारलं तरी मांसाच्या दृष्टीनेही वायाच जातं. स्नायूतल्या तंतूंची संख्या जवळजवळ जन्मापूर्वीच ठरते, नंतर ते फक्त जाड होतात. आणि वजन भरायला जितकी जास्त वर्षं लागतील तितके मांसातले चिवट धागे घट्ट होतात. तांबड्या रश्श्यासाठी कोवळा बोकड मागणाऱ्या कोल्हापूरकराला हे जिभेने ठाऊक आहे.

मणिभाईंना 1968 मध्ये पद्मश्री आणि 1982 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1993 मध्ये त्यांचं निधन झालं. खोंडाच्या प्रश्नावर आता विज्ञानाने एक वाट काढली आहे: दहापैकी नऊ वेळा कालवडच होईल अशी वर्गवारी केलेल्या वीर्याच्या कांड्या मिळतात. त्या महाग असतात. म्हणजे त्यातून जन्मलेल्या कालवडीला पहिल्या दिवशी उपाशी ठेवणं पूर्वीपेक्षाही महाग पडणार.

वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि आलेल्या आकड्याला 660ने भागायचं. उत्तर अंदाजे किलोत येतं. घेर 58 आणि लांबी 49 इंच भरली, तर कालवड 250 किलोची झाली आहे. पुढचा माज आला की डॉक्टरांना फोन करायला हरकत नाही.